सोडण्याच्या अटी

शरयूताई कर्णिक आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या बादली, टॉवेल आणि साबणाची वडी घेऊन. सकाळचे सात वाजले होते. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "आजपासून चार दिवस मी तुमच्याकडे आंघोळ करणार. माझ्या घरचं पाणी मेन कॉकपासून बंद केलंय. चौथ्या दिवशी आपण तुमचं छत बघू."

झालं होतं असं, की आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत होतं आणि वरचा फ्लॅट त्यांचा होता. सोसायटीची सेक्रेटरी मीच. आदल्या रविवारच्या सभेत मी स्पष्ट सांगितलं की गळती तुमची आहे, दुरुस्ती तुम्ही करा. सभेत असं म्हटलं की समोरचा माणूस एक तर ओरडतो, नाही तर निघून जातो. या बाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं, "काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल?" मी वैतागून म्हटलं, तुमचं पाणी पूर्ण बंद असतानाही गळलं तर सोडीन. मला वाटलं विषय संपला. तो बादलीसकट दारात उभा राहिला.

चार दिवस त्यांनी आमच्याकडे आंघोळ केली, माझ्या सिंकमध्ये भांडी घासली, आणि चौथ्या दिवशी स्टुलावर चढून छताला हात लावून बघितलं. छत ओलंच होतं. गळती गच्चीवरून उतरणाऱ्या सोसायटीच्या पाइपची निघाली, म्हणजे जबाबदारी माझीच. मी दिलगिरी व्यक्त करायला लागले तर त्या खूश होत्या. म्हणाल्या, "दिलगिरी कसली? तुम्ही अट घातलीत आणि पाळलीत. आमच्यातले मोठमोठे लोक पाळत नाहीत."

आमच्यातले म्हणजे पदार्थविज्ञानातले. शरयूताई इथल्याच. वडील भिवंडीच्या शाळेत हेडक्लार्क होते. ताई त्याच शाळेत शिकल्या, पुढे परदेशी गेल्या, परत येऊन मुंबईच्या एका संशोधन संस्थेत निवृत्त होईपर्यंत राहिल्या. निवृत्तीनंतर भिवंडीतच, नारपोलीतल्या आमच्या इमारतीत, आईवडिलांच्या फ्लॅटवर आल्या. लग्न केलं नव्हतं. इमारतीतल्या बायकांनी महिन्याभरात तो विषय काढलाच, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की एकाच्या मागे तीस वर्षं आहे, पण तो अजून दिसलेला नाही. बायका हळहळल्या. तो म्हणजे एक कण आहे, माणूस नाही, हे मला नंतर सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत माझं कापड तपासायचं युनिट आहे. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कापड आमच्याकडे येतं, खाली दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून ओढलं जातं, आणि बायका त्यातली तुटलेली तार, भोक, डाग शोधून खूण करतात. चारी बाजूंना लूम, त्यामुळे ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. तिथे ताई रोज दहा वाजता वही घेऊन येऊन बसायच्या. घरी शांततेत त्यांना काही सुचायचं नाही. लाइट गेली आणि लूम थांबले की त्या दचकून वर बघायच्या आणि म्हणायच्या, "गेला विचार."

त्यांचं काम काय, हे मला माझ्या सासूबाईंमुळे समजलं. सासूबाई कशेळीच्या, खाडीकाठच्या. एका दुपारी त्यांनी ताईंना विचारलं की तू दिवसभर लिहितेस तरी काय. ताईंनी खुर्ची पुढे ओढली. आकाशातल्या चांदण्यांचे मोठमोठे घोळके आहेत, ते गरागरा फिरतात, आणि इतक्या जोरात फिरतात की कडेच्या चांदण्या केव्हाच भिरकावल्या जायला हव्या होत्या. त्या जात नाहीत. म्हणजे काहीतरी त्यांना धरून आहे. ते दिसत नाही, उजेड देत नाही, उजेड अडवत नाही, फक्त ओढतं. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. "मावशी, पाण्यात जाळं टाकलंय, ओढ लागतेय, पण खाली काय आहे ते दिसत नाही. तसं."

सासूबाईंनी पानाचा विडा गालात फिरवला. "जाल्याला वढ लागली म्हंजे मासलीच हाय कशावरना? चिखल बी असंल."

ताई हसायच्या थांबेनात. जगातले त्यांचे सगळे विरोधक गेली तीस वर्षं हेच म्हणत होते, फक्त इंग्रजीत आणि भरपूर गणित घालून.

ते अदृश्य द्रव्य कशाचं बनलेलं आहे, यावर जगात अनेकांची अनेक मतं आहेत. ताईंचं मत असं, की ते एका अगदी हलक्या, कुणीही न पाहिलेल्या कणाचं आहे. तो किती हलका, कसा वागेल, कशाला धडकला तर काय होईल, हे त्यांनी तरुणपणी कागदावर मांडलं होतं. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आमच्या घरात त्याला ताईंचा कण म्हणत, जसं आपण अमकीचा मुलगा म्हणतो. तो खरा असला तर त्यांचं आयुष्यभराचं काम खरं. नसला तर तीस वर्षांच्या वह्या रद्दीत. आणि हा निकाल आता लागणार होता, कारण परदेशात डोंगराखाली खोल एका खाणीत मोठी टाकी बसवली होती, द्रवाने भरलेली. ताईंचा कण त्या द्रवाला धडकला तर बारीकशी चमक उठणार होती. लोक तिथे बसून चमका मोजत होते.

मी धंदा करणारी बाई. मी विचारलं, चमक तर कशानेही उठेल, तुमच्याच कणाची हे कसं कळणार? त्यांना प्रश्न आवडला. म्हणाल्या, "तू स्कूटर चालवतेस ना? वाऱ्याच्या तोंडावर गेलीस की वारा जास्त लागतो, पाठीवर घेतलास की कमी." सूर्य आपल्याला सगळ्यांना घेऊन त्या अदृश्य द्रव्यातून चालला आहे. सूर्याभोवती फिरताना पृथ्वी जूनच्या सुमाराला त्या वाऱ्याच्या तोंडावर असते, डिसेंबरात पाठ फिरवते. म्हणजे त्यांच्या कणाच्या चमका जूनमध्ये वाढायला हव्यात आणि डिसेंबरात कमी व्हायला हव्यात. तसं नसेल तर तो त्यांचा कण नव्हे.

मी म्हटलं, हे आत्ता म्हणताय, उद्या दुसरं म्हणाल. आमच्या भिवंडीत तोंडी काही चालत नाही, स्टँपपेपरवर द्या.

मी हे सहज म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या खरोखर स्टँपपेपर घेऊन आल्या. विकणाऱ्याने कारण विचारलं होतं. ताईंनी त्याला कणाबद्दल सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कारणाच्या रकान्यात 'प्रतिज्ञापत्र' एवढंच लिहिलं. मजकूर असा होता: मी, शरयू कर्णिक, राहणार नारपोली, लिहून देते की, एक, टाकीत जादा चमका दिसल्या नाहीत तर मी हा कण सोडीन. दोन, दिसल्या, पण जून-डिसेंबरात फरक पडला नाही, तरी सोडीन. तिसरं कलम माझ्या आग्रहाने घातलं: सोडल्यावर कुरकुर करणार नाही. साक्षीदार म्हणून माझी सही आणि सासूबाईंचा अंगठा. तो कागद त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावला, दूधवाल्याच्या नंबरशेजारी.

पुढे वर्ष-दीड वर्षाने बातमी आली. टाकीत अपेक्षेपेक्षा जादा चमका दिसल्या होत्या. ताईंनी तरुणपणी सांगितलं होतं तसा कण असला तर दिसतील, अगदी तशा. परदेशातून फोन, पत्रकार, जुने विद्यार्थी. ताई पायऱ्या दोन-दोन उतरून माझ्या युनिटमध्ये आल्या आणि लूमच्या गोंगाटात माझ्या कानाशी ओरडल्या, "संगीता, तो आहे वाटतं." सहासष्ट वर्षांच्या बाईचा चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या मुलीसारखा झाला होता. त्या आठवड्यात त्या जिन्यात गाणी म्हणत होत्या, बेसूर.

भिवंडीने उशीर केला नाही. आमच्या नगरसेवकांनी धामणकर नाक्यावर बॅनर लावला. त्यावर नगरसेवकांचा फोटो मोठा आणि ताईंचा लहान होता. शाळेच्या हॉलमध्ये सत्काराचा कार्यक्रम ठरला. असल्या गोष्टी शेवटी माझ्याच गळ्यात येतात, तशा आल्या: शाल, खुर्च्या, जेवण, निमंत्रणं.

ताईंनी मात्र टाकीवाल्यांना पत्र लिहून चमकांचे महिन्या-महिन्याचे आकडे मागवले होते. ते आले तेव्हा कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते. ताईंनी प्रत्येक महिन्याचा आलेख पातळ कागदावर छापून घेतला आणि तो गठ्ठा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, टेबल दहा मिनिटं दे. कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांत होतं, आणि त्यांनी ते केलंही होतं. पण त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांनी बघायचं होतं. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणाल्या, "मला जे हवंय ते मला दिसतंय. जिला काहीच नको आहे, अशी बाई दे."

मी नसीमला बोलावलं. माझ्याकडची सगळ्यात जुनी तपासनीस. एक तार चुकली तरी तिला लांबून दिसते. ताईंनी कागद महिन्यांच्या क्रमाने काचेवर शेजारी शेजारी पसरले, मग एकावर एक ठेवले. खालून उजेड येत होता. नसीमला हे काय आहे ते सांगितलं नव्हतं. एवढंच विचारलं की यात काय दिसतं.

नसीमने पदर खोचला, वाकून बघितलं, दोन कागद उचलून परत ठेवले. "मैडम, ये तो बस उतर रहा है."

"बीच में कहीं चढ़ता है?" ताईंनी विचारलं.

"कहीं नहीं. हर बार थोड़ा नीचे. धीरे-धीरे बुझ रहा है."

ताईंनी मान हलवली. त्यांनाही तेच दिसलं होतं. जूनमध्ये वाढ नाही, डिसेंबरात घट नाही. चमका महिन्यामागून महिना हळूहळू कमी होत होत्या, आणि विश्वातलं अदृश्य द्रव्य दीड वर्षात संपत नाही. तसं विझतं ते किरणोत्सर्गी कचऱ्यासारखं काहीतरी. टाकीतल्या द्रवात कुठून तरी चिमटीहूनही कितीतरी कमी घाण मिसळली होती, आणि तीच लुकलुकत होती. पुढे एका वर्तमानपत्राने छापलं की भिवंडीच्या कापड तपासणाऱ्या महिलेने विश्वाचं कोडं सोडवलं. तसं काही झालं नाही. नसीमने आपलं काम केलं आणि चहाला गेली.

मी ताईंना घेऊन वर त्यांच्या घरी आले. हे कुणाकुणाला माहीत आहे, असं विचारलं. अजून कुणाला नाही, असं त्या म्हणाल्या. मग मी व्यवहार सांगितला. आज रविवार. कार्यक्रम शुक्रवारी. सोमवारी पत्र पाठवण्याऐवजी शनिवारी पाठवा. पाच दिवसांनी विश्वाचं काय बिघडतंय? तुम्ही खोटं बोलत नाही आहात, फक्त थोडं थांबताय. तीस वर्षांनी एक शाल मिळतेय, ती घ्या, मग सांगा. मी हे मनापासून म्हणत होते, आणि आजही मला त्यात फार मोठं पाप दिसत नाही.

त्या उठल्या. फ्रिजकडे गेल्या, चुंबक काढला आणि कागद माझ्यापुढे ठेवला. कलम दोनवर बोट ठेवलं; तळाला माझी सही होती. वळणदार, तारखेसकट.

"मी कोर्टात थोडीच जाणार आहे," मी म्हटलं.

"तू जाणार नाहीस. पण हे बघ, मी नाही सांगितलं तर त्यांच्यातलं कुणीतरी पोर दोन महिन्यांत हे शोधून काढेल. आणि मग तो मान त्याचा." त्यांनी चष्मा पुसला. "माझा कण आहे, संगीता. मारायचा तर मीच मारणार."

त्यांनी तिथेच बसून पत्र लिहिलं आणि पाठवलं. मला इंग्रजी मजकूर वाचून दाखवला. कुठेही 'दुर्दैवाने' नव्हतं. मग म्हणाल्या, आता तू जा. दुपारभर त्यांचं दार बंद राहिलं. चार वाजता मी चहा घेऊन गेले तेव्हा डोळे लाल होते. "कलम तीन मोडलं," त्यांनी कबूल केलं. "दोन तास." सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. "मी बोल्ले व्हते ना, चिखल हाय," एवढं म्हणाल्या, आणि ताई गेल्या वेळेपेक्षाही जास्त हसल्या. हसता हसता त्यांनी पोळी मागितली. तेव्हा मला कळलं की बाई सुखरूप आहे.

नगरसेवकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते आमच्याच गाववाल्यांतले, लहानपणापासून ओळखीचे. त्यांनी ताईंनाच फोन लावला आणि विचारलं, मॅडम, मग नेमका शोध काय लागला म्हणायचा? ताई म्हणाल्या, तो नाही, असा शोध लागला. नगरसेवकांनी थोडा विचार केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "संगे, बॅनर आता कोन उतरवनार? जेवन पन सांगितलंय. आपन करूया सत्कार. शोध लागला काय, नाय लागला काय, बाई आपलीच हाय ना?" राजकारणी माणसाकडून मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य.

तर सत्कार झाला. शाल घातल्यावर ताईंनी एक तास भाषण केलं. विषय: मी कशी चुकले. हॉल भरला होता आणि लोक हसत होते, कारण त्या स्वतःची चूक अशी रंगवून सांगत होत्या की जणू एखाद्या वात्रट भावाची गोष्ट आहे. शेवटी मागच्या रांगेतले एक म्हातारे चाचा उठले. आयुष्यभर लूम दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "मैडम, बुरा मत मानना. तो फिर तीस साल पानी में गए?"

मी पहिल्या रांगेत होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ताईंनी मात्र माइक हातात घेतला आणि स्टेजच्या कडेला आल्या.

"चाचा, आपका कोई ऐसा काम है, जिसमें तीस साल रोज़ मज़ा आया?"

चाचांनी डोकं खाजवलं. "लूम में तो नहीं." मग जरा लाजून, "पतंग."

"कितनी कटी?"

"सब कटी, मैडम. एक भी घर में नहीं है."

"बस," ताई म्हणाल्या, "मेरा भी वही." चाचा इतके खूश झाले की जेवणाच्या वेळी ताईंच्या पानात स्वतःच्या हाताने दोन जिलब्या वाढून गेले.

मला वाटलं होतं, इथे गोष्ट संपली. बाई आता निवांत बसतील, गुडघ्यांचं औषध घेतील. महिन्याभरात टाकीवाल्यांचं पत्र आलं. त्यांनी ताईंचं म्हणणं तपासलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. आता ते आणखी मोठी, आणखी स्वच्छ टाकी बांधणार होते. स्वतःच्या फायद्याची चूक स्वतः पकडणारी बाई त्यांना तिथे हवी होती, वर्षभरासाठी. ताईंनी तीस वर्षं अशा टाकीसाठी गणितं केली होती, पण ती कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. त्यांनी त्याच दिवशी हो कळवलं, गुडघ्यांना न विचारता.

गेल्या महिन्यात त्या निघाल्या. सकाळी टॅक्सी दारात आली तेव्हा अर्धी इमारत खाली उभी होती. सासूबाईंनी सुक्या जवळ्याची पुडी दिली, ती मी विमानतळाच्या भीतीने गुपचूप काढून घेतली. नसीम तिच्या मुलींना घेऊन आली होती. ताई सगळ्यांशी एकदम बोलत होत्या. मी त्यांना विचारलं, खरं सांगा, वाईट नाही वाटत? एवढा जपलेला कण.

त्या टॅक्सीच्या दाराला धरून थांबल्या. "वाटलं ना. पण गंमत बघ. तीस वर्षं मी एकाच ठिकाणी बघत होते, कारण तो तिथेच असणार हे मला ठाऊक होतं. आता मला काहीच ठाऊक नाही. आता कुठेही बघता येईल."

मी म्हटलं, आधी पासपोर्ट कुठे आहे ते बघा.

त्यांनी पर्स उघडली, पिशवी उघडली, वह्यांच्या बॅगेची चेन ओढली. तोंड उतरलं. टॅक्सीवाला घड्याळ बघायला लागला. मी त्यांना अर्धं मिनिट शोधू दिलं. मग माझ्या पर्समधून पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर, मिक्सरच्या मागे पडलेला बघून मी तो उचलून ठेवला होता.